कुंदा चाखणाऱ्याचे दात आणि तीन टूथपेस्ट

आमचा बेळगावात कुंद्याचा, म्हणजे खवा-साखर आटवून केलेल्या मिठाईचा, धंदा. भट्टी खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत, राहायला शहापूर. खवा आटत आला, साखर पडली, रंग चढायला लागला की दर घाण्याला चमच्याच्या टोकावर घेऊन चाखावंच लागतं. दिवसाला दहा-बारा वेळा, आणि हे बावीस वर्षं चाललंय.

मागच्या श्रावणात गार पाणी दाताला झोंबायला लागलं. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी वाऱ्याच्या नळीनं पुढचे दात कोरडे केले आणि हातात आरसा दिला. चार दातांवर हिरडीला लागून चुन्याचं बोट ओढावं तसे पांढरे पट्टे! जीभ फिरवली तर निम्मे दिसेनासे झाले. एनॅमलमधलं, म्हणजे दातावरच्या कडक कवचातलं, कॅल्शियम निघून जाऊन आत बारीक भोकं पडलेली. ओली असली की दिसत नाहीत, कोरडी झाली की दिसतात. "अजून खड्डा पडलेला नाही, एवढं परत भरून येतं. खड्डा पडला की मग कुठल्याच पेस्टनं भरत नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, चिमूटभर तर गोड खातो. तेच चुकत होतं. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. प्रत्येक चमच्यानंतर तोंडातले जंतू आम्ल करतात, पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमल विरघळायला लागतं. मग लाळ सावकाश कॅल्शियम आणि फॉस्फेट परत भरते. मी तासाभरानं पुन्हा चमचा लावायचो, लाळेला सवडच नाही. पेस्टमधलं फ्लोराइड हाताशी असलं तर हे भरणं लवकर होतं, आणि नवा थर जास्त चिवट असतो, साधारण ४.५पर्यंत दम धरतो. आणि मी वर्षभर जी जडीबुटीची पेस्ट वापरत होतो, तिच्या खोक्यावर फ्लोराइड हा शब्दच नव्हता. दुकानदारानं 'दात मजबूत होतात' म्हणून दिली, मी मागची बाजू वाचली नाही. त्याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर दहा महिन्यांत तीन प्रकार वापरले. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन ट्यूबमध्ये वेगवेगळं फ्लोराइड असतं. ट्यूबची पाठच वाचायला हवी.

पहिली, घरोघरी असते ती पांढरी, खडूच्या भुकटीची. हिच्यात सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट. फ्लोराइड फॉस्फेटला बांधलेलं असतं, लाळेतलं एन्झाइम ते सोडवतं. साधं सोडियम फ्लोराइड घातलं तर ते खडूतल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि वाया जातं, म्हणून अशा पेस्टमध्ये हेच घालतात. स्वस्त, फेस भरपूर. तीन महिने वापरली, ठणका कमी झाला. हिला कमी लेखू नका.

दुसरी, खडूऐवजी सिलिकाची भुकटी असलेली, सोडियम फ्लोराइडची. हिच्यातलं फ्लोराइड तोंडात गेल्या गेल्या मोकळं होतं. दुकानात मी दोन्ही ट्यूब दिव्याखाली धरून बसलो होतो: एकीवर ०.७६ टक्के, दुसरीवर ०.२२. मला वाटलं पहिलीच तिप्पट जोरदार. औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "अण्णा, दोन्ही सारख्याच की, आकडा सगळ्या क्षाराचा आहे, नुसत्या फ्लोराइडचा नाही." घरी येऊन खात्री केली. दोन्हींत फ्लोराइड सुमारे १००० पीपीएम, म्हणजे एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम. आपल्याकडे कायद्यानं याहून जास्त चालत नाही. युरोपात १५००पर्यंत चालतं. हिची चव मला आवडली, रात्रीसाठी हीच ठेवली.

तिसरी स्टॅनस, म्हणजे कथलाच्या, फ्लोराइडची. चार दुकानं फिरल्यावर मिळाली, महाग. जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव. यातलं कथील जंतूंना आवर घालतं आणि दातावर आम्लाला अडवणारा थर धरतं. लिंबू सोडा, चिंच ज्यांना रोज लागते, किंवा ज्यांना पित्तानं आंबट ढेकर येतात, त्यांनी डॉक्टरांना हिच्याबद्दल जरूर विचारावं. मला मात्र दातांवर पिवळसर छटा दिसायला लागली, तसं हिनं काहींना होतं. दोन महिन्यांत सोडली.

पण पेस्ट बदलण्यापेक्षा मोठा फरक चुळीनं पडला. आमच्या घरात दात घासून तीन खळखळून चुळा भरायच्या, म्हणजे लावलेलं फ्लोराइड मोरीत. आता नुसतं थुंकतो. आई पहिल्या आठवड्यात रोज विचारायची, "चूळ न भरता राहतोस तरी कसा रे?" झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचं घासणं चुकवत नाही. पाच वर्षांच्या लेकीला वाटाण्याएवढीच पेस्ट देतो आणि थुंकेपर्यंत शेजारी उभा राहतो. तिनं गिळता कामा नये. बहिणीच्या गावात बोअरचं पाणी आहे, तिला आधी पाणी तपासून घ्यायला सांगितलंय. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलं तर लहान मुलांच्या दातांवर उलट डाग पडतात.

गेल्या महिन्यात बाईंनी पुन्हा वारा मारून बघितलं. तीन पट्टे अजून पांढरेच आहेत, पण खडूसारखे राहिले नाहीत, गुळगुळीत चकाकतात. सुळ्याजवळचा चौथा अजून खरखरीत आहे, तो त्या तीन महिन्यांनी बघणार.

भट्टीवर आता दोघं पाळीपाळीनं चाखतो, आणि चाखल्यावर लगेच पाणी. भट्टीवरच्या चारही पोरांना पहिल्या प्रकारची एकेक ट्यूब आणून दिली आहे.