एम.ए.च्या इकॉनोमेट्रिक्ससाठी ग्रेटल, आर की स्टाटा?

गोव्यात अर्थशास्त्राचं एम.ए. करणाऱ्याला डेझर्टेशनचा विषय पक्का होण्याआधीच ठरवावं लागतं की आकडेमोड ग्रेटल, आर की स्टाटा यांपैकी कुठल्या सांख्यिकी सॉफ्टवेअरवर करायची. आमचं मत आधीच सांगून टाकतो: शिकायला सुरुवात ग्रेटलवर करा, डेझर्टेशन आरवर. स्टाटा घ्यायचं ते गाईड स्वतः त्यावर काम करत असतील आणि विभागाचं लायसन्स व्हायवापर्यंत चालू राहणार असेल तरच. लॅब बंद झाल्यावर घरच्या लॅपटॉपवर डू-फाइल (स्टाटाच्या आज्ञांची फाइल) चालत नसेल, तर काम तिथेच अडकतं.

ग्रेटल आणि आर फुकट, स्टाटाला पैसे मोजावे लागतात. स्टाटाच्या सगळ्यात लहान बीई आवृत्तीत 2,048 व्हेरिएबल्सची मर्यादा आहे आणि एम.ए.ला ती पुरून उरते. पण निवड करताना किमतीपेक्षा डिफॉल्ट सेटिंग जास्त बघावं. तोच डेटा, तेच समीकरण, तरी तिन्हीकडून निष्कर्ष वेगळे येऊ शकतात आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताच नसतो.

पर्यटकांच्या मासिक आकड्यांचंच घ्या. दहा वर्षांचे 120 महिने आहेत आणि मालिका स्थिर आहे का (तिची सरासरी आणि चढउतार काळानुसार बदलत नाहीत ना), हे एडीएफ म्हणजे ऑगमेंटेड डिकी-फुलर चाचणीने तपासायचं आहे. आरच्या ‘टीसिरीज’ पॅकेजमधली चाचणी ट्रेंड नेहमीच धरते आणि लॅगची (म्हणजे मागचे किती महिने धरायचे याची) संख्या (n−1) च्या घनमुळावरून काढते. 119 चं घनमूळ 4.9, म्हणून लॅग 4. डिसेंबरात गर्दी आणि पावसाळ्यात शुकशुकाट असलेल्या मालिकेत बारा महिन्यांमागचा संबंध चार लॅगमध्ये येणार कुठून? शिल्लक चुकांमध्ये सहसंबंध राहतो आणि चाचणीचा सीमामूल्यांचा तक्ताच लागू पडत नाही. स्टाटा तर सांगितलं नाही तर लॅग शून्य धरतं, ट्रेंडही घेत नाही. ग्रेटलची खिडकी मात्र समोर सगळं विचारते: स्थिरांक हवा का, ट्रेंड हवा का, हंगामी डमी (महिन्यानुसार 0 किंवा 1 घेणारी चलं) हव्यात का, कमाल लॅग किती, आणि तिथून खाली उतरत लॅग निवडायचे का. नवशिक्याला ग्रेटल द्यावं असं आम्ही म्हणतो ते यासाठीच. (आरमध्ये ‘यूआरसीए’ पॅकेज वापरलं की लॅग आणि ट्रेंड दोन्ही आपल्या हातात येतात.) मार्च 2020 नंतरची कोविडची दरी वेगळी हाताळली नाही, तर तिघांपैकी एकाच्याही उत्तरावर विसंबू नये.

दुसरं उदाहरण खाणबंदीचं. गोव्यातल्या निम्म्या डेझर्टेशनना हा विषय खुणावतो, आणि तो आहेही मोलाचा. खाण तालुके आणि किनारी तालुके यांची बंदीआधीची व नंतरची तुलना, म्हणजे डिफरन्स-इन-डिफरन्सेस. बंदी सप्टेंबर 2012 मध्ये आली, 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेसह उठली, मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा थांबल्या. म्हणून ‘2012 नंतर 1’ अशी एकच डमी घालून भागत नाही. खरा पेच पुढेच आहे. धक्का तालुक्याच्या पातळीवर बसलाय, तेव्हा स्टँडर्ड एररही (गुणांकाच्या अंदाजातली अनिश्चितता) तालुक्यानुसार क्लस्टर करायला हवेत, म्हणजे एका तालुक्यातल्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या आहेत असं धरून काढायला हवेत. 2011 च्या जनगणनेत तालुके 11 आहेत, धारबांदोडा नंतरचा. जुन्या हद्दी धरल्या तर मुख्य बाधित तालुके डिचोली, सत्तरी, सांगे, केपे असे चारच.

समजा कुटुंबांच्या डेटावर t ची किंमत (गुणांक भागिले त्याचा स्टँडर्ड एरर) 2.1 आली. स्टाटा क्लस्टरच्या संख्येतून एक वजा करून 10 डिग्री ऑफ फ्रीडम धरतं (t ची सीमा या आकड्यावर ठरते). तिथे 5 टक्क्यांची सीमा 2.228, म्हणजे निकाल सिग्निफिकंट नाही. आरमध्ये साधं रिग्रेशन करून ‘सँडविच’चा क्लस्टर एरर ‘एलएमटेस्ट’च्या तक्त्यात घातला, की डिग्री ऑफ फ्रीडम निरीक्षणांच्या संख्येवरून धरली जातात, सीमा 1.96 च्या आसपास येते आणि तोच निकाल सिग्निफिकंट ठरतो. ‘फिक्सेस्ट’ पॅकेजला क्लस्टर स्पष्ट सांगितला तर तेही स्टाटासारखंच मोजतं. इतक्या कमी क्लस्टरना वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप हवा, म्हणजे क्लस्टरनुसार चुकांची चिन्हं बदलून पुन्हा पुन्हा नमुने तयार करून सीमा काढणं. त्यासाठी स्टाटातलं ‘बूटटेस्ट’ हे फुकट अ‍ॅड-ऑन फार सोयीचं आहे. इथे स्टाटाची बाजू वरचढ, हे मानायलाच हवं. ग्रेटलमध्ये बूटस्ट्रॅपची स्क्रिप्ट स्वतः लिहावी लागते. मात्र बाधित तालुके चारच असताना बूटस्ट्रॅपचं उत्तरही जपूनच वाचावं.

क्लस्टर नसतानाही फरक पडतोच: स्टाटाचं ‘रोबस्ट’ म्हणजे एचसी1, सँडविचचं डिफॉल्ट एचसी3; स्टँडर्ड एरर काढायची ही दोन वेगळी सूत्रं.

पीएलएफएस या केंद्राच्या रोजगार सर्वेक्षणाच्या व्यक्तिगत नोंदी वापरणार असाल तर फाइल निश्चित रुंदीच्या रकान्यांची असू शकते. तशी असेल तर लेआउट बघून रकाने तोडायचे, मग गोव्याचा राज्य-कोड 30 वेगळा काढायचा. मल्टिप्लायर (एक नोंद लोकसंख्येतल्या किती जणांसाठी आहे तो आकडा) आरच्या साध्या रिग्रेशनमध्ये वजन म्हणून दिला तर गुणांक बरोबर येतात, स्टँडर्ड एरर चुकतात. ‘सर्वे’ पॅकेज वापरा. स्टाटात हेच वजन ‘पी-वेट’ म्हणून लिहिलं की रोबस्ट एरर आपोआप येतात. उलट स्टाटात रिकामी नोंद कुठल्याही संख्येपेक्षा मोठी मानली जाते. ‘उत्पन्न 50,000 पेक्षा जास्त’ अशी अट घातली, की उत्पन्न न सांगणारेही श्रीमंतांत जाऊन बसतात.

गाईड स्टाटावर असले तरी घाबरायचं कारण नाही. त्यांची डीटीए फाइल (स्टाटाचा डेटा) ग्रेटलमध्ये थेट आणि आरमध्ये ‘हेवन’ पॅकेजने उघडते. फक्त तालुक्याचा कोड आरमध्ये लेबल लावलेली संख्या म्हणूनच येतो. तो फॅक्टर (संख्या नव्हे, गट म्हणून वाचला जाणारा रकाना) करून घ्या. रिग्रेशनच्या तक्त्यात तालुक्यासमोर दहा गुणांकांऐवजी एकच दिसला, तर हे करायचं राहून गेलंय.