टर्किशचं ॲप, विभक्तीपर्यंत मस्त, 'माझं-तुझं' आलं की बोंब (३/५)

नाव घेत नाही कारण त्यांच्या सपोर्टशी माझं अजून भांडण चालूय, पण तीन महिने रोज लोकलमध्ये हे पेड ॲप वापरलंय, आणि हा रिव्ह्यू फक्त नामाच्या प्रत्ययांपुरता.

ऑडिओ झकास. एव् म्हणजे घर, 'घरातून' एव्देन, पण ओकुल म्हणजे शाळा, तर 'शाळेतून' ओकुल्दान, म्हणजे शब्दातला शेवटचा स्वर बघून प्रत्यय रंग बदलतो, हे नुसतं ऐकवून ऐकवून कानात बसवलंय त्यांनी. आणि विभक्ती काय आपल्याला नवीन नाही. उलट तिकडे सोपं, सामान्यरूप नाही, लिंग नाही, माझा-माझी-माझं नाही, एविम म्हणजे माझं घर, विषय संपला. एक गंमत, आपण 'घरी जातो' आणि 'घरी आहे' दोन्हीकडे घरीच म्हणतो ना, त्यांच्यात जाताना एवे आणि असताना एव्दे.

आता बोंब. एविन म्हणजे 'तुझं घर' पण आणि 'घराचं' पण. एवी म्हणजे 'त्याचं घर', आणि 'घर बघितलं' मधलं ते ठराविक घर असेल तर तेही एवीच. वाक्यात कळतं हो, पण ॲप नुसता एकटा शब्द टाकून अर्थ विचारतं आणि दोनातला एकच बरोबर धरतं!! पुढे 'त्याच्या घरात' मी एवीदे लिहिलं, चूक, एविन्दे पाहिजे. मधे न कुठून आला? एक ओळ पण नाही. (त्याचं-तिचं वाल्या प्रत्ययानंतर विभक्ती आली की हा न मधे घुसतो, हे मला दुसरीकडे वाचून कळलं.) आणि एविन्दे म्हणजे परत 'तुझ्या घरात' पण होतंच, म्हणून गोंधळ होईल तिथे लोक पुढे सेनिन किंवा ओनुन लावतात, तुझ्या नाहीतर त्याच्या, हे पण ॲपमध्ये नाही.

'अलीचं घर' तर फक्त पाठ करायला लावलंय, आलिनिन एवी. अरे सांगा ना की दोन्हीकडे प्रत्यय लागतो, 'अलीचं त्याचं-घर' असं काहीतरी, आपल्या माणसाला दोन मिनिटांत कळेल.

एविनवर सहा वेळा रिपोर्ट टाकला, सहाही वेळा तोच थँक्यूवाला मेसेज. घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या, मी वर्षाचं भरून बसलोय.