एपी परीक्षा द्यावी, पॅकेज घेऊ नये : लातूरच्या एका पालकाचा अभिप्राय

लातूरमध्ये अकरावी विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला, की पुढच्या दोन वर्षांचा रस्ता बहुतेक ठरून जातो. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, रविवारी टेस्ट सिरीज आणि शेवटी नीट किंवा जेईई. या रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात वीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवतो आणि या शहराने खेड्यापाड्यांतल्या किती मुलांना डॉक्टर, इंजिनिअर केले, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या मुलीने मात्र दहावीनंतर अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकण्याचा विचार बोलून दाखवला आणि तिच्याबरोबर मलाही एका अनोळखी परीक्षेचा अभ्यास करावा लागला. मे 2025 मध्ये तिने एपीचे दोन विषय दिले : कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी मेकॅनिक्स. तेव्हापासून लातूर, नांदेड आणि उदगीरचे पालक मला त्याबद्दल विचारत असतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. अमेरिकेतील कॉलेज बोर्ड ही संस्था 1950 च्या दशकापासून या परीक्षा चालवते. अमेरिकेतील कॉलेज प्रवेशासाठीची सॅट परीक्षाही तिचीच. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या दर्जाचा एखादा विषय शिकून त्याची परीक्षा द्यायची, अशी ही कल्पना आहे. गुण 1 ते 5 असे मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा वर्षातून एकदाच, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि निकाल जुलैमध्ये लागतो. कोणत्याही शाळेत एपीचा वर्ग केलेला असण्याची अट नाही. घरी अभ्यास करूनही परीक्षा देता येते. 2021 मध्ये सॅटच्या विषयवार परीक्षा बंद झाल्या. तेव्हापासून एखाद्या विषयातील तयारी दाखवण्यासाठी आपल्याकडच्या मुलांना एपीचाच आधार जास्त उरला आहे.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो, कारण तीच आपल्याकडे बहुतेकांची चुकते : परीक्षा कोणत्या मे महिन्यात द्यायची? बारावीच्या मे महिन्यात दिली, तर निकाल जुलैत येईल आणि तोपर्यंत अमेरिकेतील प्रवेश होऊन गेलेला असेल. त्या गुणांचा उपयोग फार तर पुढे कॉलेजात क्रेडिट, म्हणजे तो विषय आधीच झाल्याची नोंद, मिळवण्यापुरता होईल. शिवाय बारावीचा मे म्हणजे आपल्या मुलांसाठी आधीच भरलेला महिना. 2025 मध्ये नीट 4 मे रोजी झाली, एपीचा पंधरवडा लगेच 5 मे रोजी सुरू झाला आणि 18 मे रोजी जेईई ॲडव्हान्स्ड होती. अकरावीचा मे मात्र आपल्याकडे मोकळा असतो. त्या मे महिन्यात परीक्षा दिली, तर गुण जुलैत हातात येतात आणि नोव्हेंबर ते जानेवारीत भरल्या जाणाऱ्या अर्जात ते लिहिता येतात.

अडचण एवढीच, की त्या परीक्षेची नोंदणी आदल्या नोव्हेंबरमध्ये करावी लागते. महाराष्ट्रात अकरावीची प्रवेशप्रक्रिया पुरी होता होता ऑगस्ट उजाडतो. म्हणजे मुलाला अकरावीचा वर्ग, नवे कॉलेज आणि नवे मित्र अजून नीट उमगलेले नसतात, तेवढ्यात हा निर्णय घ्यावा लागतो. तसेच आपल्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात अकरावीला लिमिट आणि डिफरन्सिएशनची ओळख होते; इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन हे सारे बारावीत येते. त्यामुळे बारावीचे जवळजवळ अर्धे गणित एक वर्ष आधी शिकावे लागते. आमच्या घरी ते दिवाळीच्या सुट्टीपासून मार्चअखेरपर्यंत चालले. ज्या घरी गणित शिकवणारे कोणी नाही, त्यांनी जुलैपासूनच सुरुवात करावी असे मी सांगेन.

परीक्षा म्हणून एपी मला फार आवडली, आणि हे मी गणिताचा शिक्षक म्हणून लिहीत आहे. कॅल्क्युलसचा पेपर सव्वातीन तासांचा असतो : 45 बहुपर्यायी प्रश्न आणि 6 सविस्तर प्रश्न, दोन्ही भागांना निम्मे-निम्मे वजन. आपल्या बारावीच्या मुलाला यातील बराचसा आशय ओळखीचा असतो. बीसीमधील टेलर सिरीज, अनंत श्रेणी अभिसारी आहे की नाही हे ठरवण्याच्या कसोट्या आणि पोलर वक्र यांचा भाग नवा वाटतो. तो दोन महिन्यांत होतो. खरा फरक लिहिण्यात आहे, आणि तो मला एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिसला.

प्रश्न पाण्याच्या टाकीचा होता. टाकीत पाणी एका दराने येते, दुसऱ्या दराने जाते आणि दोन्ही दर वेळेनुसार बदलतात. आठ तासांत टाकीतील पाणी सर्वाधिक केव्हा असेल, हे कारणासह सांगायचे. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या शहराने पाहिले, त्या शहरातल्या मुलीला हा प्रश्न समजावून सांगावा लागला नाही. तिने दोन्ही दर समान करून वेळ काढली, दुसरे डेरिव्हेटिव्ह ऋण येते हे दाखवले आणि उत्तराखाली रेघ मारली. उत्तर अचूक होते. मग आम्ही कॉलेज बोर्डाने प्रसिद्ध केलेला गुणदानाचा तक्ता उघडला. प्रत्येक सविस्तर प्रश्नाला 9 गुण असतात आणि कोणत्या वाक्याला कोणता गुण, हे त्यात स्पष्ट दिलेले असते. तिने विचारले, “बाबा, उत्तर तर बरोबर आहे, मग गुण कशाचे गेले?” मीही थोडा वेळ गप्प राहिलो. दुसरे डेरिव्हेटिव्ह ऋण आहे यावरून ते शिखर आजूबाजूच्या वेळांपेक्षा उंच आहे एवढेच सिद्ध होते. साऱ्या आठ तासांत तेच सर्वांत उंच आहे, हे दाखवायचे तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्षणी टाकीत किती पाणी होते, तेही काढून तुलना करावी लागते. ही गोष्ट मला ठाऊक होती. मात्र वीस वर्षांत मी ती वर्गात इतक्या आग्रहाने कधी मागितली नव्हती, कारण आपल्या पेपरात तिच्यावाचून गुण मिळतात. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्गात मी ती मागू लागलो.

कॅल्क्युलेटरचाही अनुभव सांगण्यासारखा आहे. आपल्या बोर्डात कॅल्क्युलेटरला बंदी आहे, लॉग टेबल चालते. एपीमध्ये 15 बहुपर्यायी आणि 2 सविस्तर प्रश्न ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर हाताशी आहे असे धरूनच रचलेले असतात. त्यांतले काही इंटिग्रेशन हाताने होतच नाही. 2025 पासून परीक्षा ब्लूबुक नावाच्या ॲपवर होते आणि त्यात डेसमॉसचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आतच दिलेला असतो, त्यामुळे महागडे यंत्र विकत घेण्याची गरज आम्हाला पडली नाही. मात्र त्यावर हात बसायला आठवडे लागतात. गणित आणि भौतिकशास्त्रात बहुपर्यायी प्रश्न पडद्यावर सोडवायचे असतात, तर सविस्तर उत्तरे कागदी पुस्तिकेत हाताने लिहायची असतात. हा मिश्र प्रकार सरावाशिवाय गोंधळात टाकतो.

फिजिक्स सी मेकॅनिक्सबद्दल थोडक्यात लिहितो. जेईईची तयारी करणाऱ्या मुलाला त्यातील गणिते अवघड वाटणार नाहीत. पेपर तीन तासांचा, 40 बहुपर्यायी आणि 4 सविस्तर प्रश्नांचा. त्या चारांतला एक प्रश्न प्रयोगाची आखणी करण्यावर असतो : काय मोजाल, कशाविरुद्ध कशाचा आलेख काढाल म्हणजे सरळ रेषा येईल, आणि तिच्या चढावरून हवी ती राशी कशी काढाल. लंबकाचा प्रयोग आपल्याकडे प्रत्येक मुलाच्या प्रयोगवहीत असतो. तो स्वतः आखून पाहण्याची वेळ मात्र किती मुलांवर येते, हे आपण सारे शिक्षक जाणतो. माझ्या मुलीने त्या एका प्रश्नासाठी गच्चीवर दोरा आणि कुलूप घेऊन तीन संध्याकाळी घालवल्या. भौतिकशास्त्राचा एवढा चांगला अभ्यास मी तिला अन्यत्र करताना पाहिला नाही.

इथवर मी परीक्षेची स्तुती केली. आता तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या सेवेबद्दल लिहिणे माझे कर्तव्य आहे. सुरुवातीला आम्ही एका ऑनलाइन मार्गदर्शन संस्थेचे पॅकेज घेतले होते. नाव लिहीत नाही, कारण अशा अनेक आहेत आणि प्रश्न एकीचा नाही. पॅकेज चार विषयांचे होते आणि आम्ही 1,80,000 रुपये भरले. गणित आणि भौतिकशास्त्र आम्ही मागितले होते; मानसशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र त्यांनी ‘प्रोफाइल भक्कम होते’ म्हणून जोडले. तिसऱ्या आठवड्यात मुलीची झोप पाच तासांवर आली. आम्ही दोन विषय सोडले आणि उरलेले पैसे परत मागितले. ते मिळाले नाहीत. गणिताचे शिक्षक सज्जन होते, पण त्यांना राज्य मंडळाच्या मुलाला काय येते आणि काय येत नाही, याची कल्पना नव्हती. जे तिला आठवीपासून येत होते त्यावर चार तास गेले आणि उत्तराचे समर्थन कसे लिहावे यावर अर्धा तासही नाही. जानेवारीनंतर आम्ही त्या वर्गांना बसणे सोडले.

त्यानंतरचा सारा अभ्यास एकही रुपया न देता झाला, आणि तोच उपयोगी पडला. खान अकॅडमीवर कॅल्क्युलसचा पूर्ण अभ्यासक्रम विनाशुल्क आहे. मागील अनेक वर्षांचे सविस्तर प्रश्न, गुणदानाचे तक्ते आणि विद्यार्थ्यांच्या खऱ्या उत्तरांचे नमुने कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, एकत्र बसून तपासायच्या, चूक पुन्हा लिहायची, हे लातूरला कोणी वेगळे शिकवायला नको. आपल्या लातूर पॅटर्नचा गाभाच तो आहे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : या परीक्षेसाठी पैसे शुल्कावर आणि प्रवासावर खर्च करावेत, पॅकेजवर करू नयेत.

तो खर्चही लहान नाही. 2025 मध्ये अमेरिकेबाहेर दर विषयाचे मूळ शुल्क 129 डॉलर होते आणि परीक्षा केंद्राचे शुल्क त्यावर वेगळे. आम्हाला जागा पुण्यात मिळाली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाऊन मेहुण्यांकडे वारज्याला आठवडाभर राहिलो, कारण दोन्ही पेपर एकाच आठवड्यात होते आणि मधल्या दिवसांत उन्हातून लातूरला येऊन परत जाण्यात अर्थ नव्हता. पुण्यात ज्यांचे कोणी नातेवाईक नाहीत, त्यांनी राहण्याचा खर्च आधीच धरावा.

उपयोग कुठे होतो, याबाबत पालकांनी विद्यापीठवार माहिती काढल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखा 3 आणि त्यावरील गुणांना क्रेडिट देतात. त्यांच्या प्रवेशात सॅट पाहिलीच जात नाही, त्यामुळे एपीला तेथे वजन येते. एमआयटी बीसीमध्ये 5 असतील तरच पहिल्या कॅल्क्युलसचे क्रेडिट देते. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथमध्ये वरच्या वर्गात बसता येते, क्रेडिट मिळत नाही. येलने 2024 मध्ये सॅटऐवजी एपीचे गुण स्वीकारण्याची मुभा दिली. म्हणजे एकाच 5 गुणांची किंमत पाच ठिकाणी पाच प्रकारची आहे. ‘एक सेमिस्टर वाचते, म्हणजे लाखो रुपये वाचतात’ असे मला फोनवर सांगितले गेले होते. पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात आणि कॅल्क्युलसच्या एका कोर्सचे सुमारे 4 धरले जातात, एवढा हिशेब पालकांनी स्वतः मांडून पाहावा.

मुलीला मेकॅनिक्समध्ये 5 आणि बीसीमध्ये 4 मिळाले. अनंत श्रेणीच्या प्रश्नात ती अडखळली होती, हे तिने पेपर सुटताच सांगितले होते. राज्य मंडळाचे नाव परदेशातील प्रवेश अधिकाऱ्याला फारसे परिचित नसते. त्याला परिचित असलेल्या मापावर आपली मुलगी कुठे उभी आहे, हे या दोन अंकांनी सांगता येते, यासाठी मला ही परीक्षा मोलाची वाटते. ज्याचे परदेशी जाणे नक्की नाही, ज्याचे लक्ष्य नीट आहे, किंवा ज्याचे अकरावीचेच गणित कच्चे आहे, त्याने मात्र इकडे वळू नये. आणि विषय एक किंवा दोन, तेही पुढे जे शिकायचे आहे त्यातलेच घ्यावेत.

यंदा ती बारावीत आहे. मे 2026 च्या पंधरवड्यात फिजिक्स सीचा दुसरा भाग, विद्युत आणि चुंबकत्वाचा, द्यावा का, यावर नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघांनी बसून विचार केला. तिची आई म्हणाली, की बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहे आणि अर्ज डिसेंबरमध्ये जायचे आहेत. ती अर्ज पाठवणार असलेल्या सहा विद्यापीठांपैकी दोनच ठिकाणी त्या विषयाला क्रेडिट मिळते, हे मुलीने स्वतः शोधून काढले होते. आम्ही नोंदणी केली नाही.