छापील पुस्तक, संगणक की ई-रीडर?

संगणकावर सलग कादंबरी वाचणं मला कधीच जमलं नाही. पडद्यामागून येणारा उजेड तासाभरात डोळ्यांना खुपायला लागतो, मध्येच कसली तरी सूचना टपकते. एखादा संदर्भ चटकन शोधायचा असेल तर मात्र त्याला तोड नाही.

ई-रीडरची, म्हणजे खास पुस्तकं वाचण्यासाठी केलेल्या उपकरणाची, गोष्ट वेगळी. त्याच्या ई-इंक पडद्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात. पान बदलताना तेवढे ते हलतात. उमटलेली अक्षरं टिकवायला वीज लागत नाही. म्हणून बॅटरी कित्येक दिवस पुरते. आणि हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडातच वाचता येतो, त्यामुळे भर उन्हातही मजकूर स्वच्छ दिसतो. शिवाय अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. नजर अधू झालेल्या माणसासाठी हे एकच कारण पुरेसं आहे.

तरी माझा जीव अडकतो तो कागदात. आवडलेलं वाक्य डाव्या पानावर, अगदी खाली होतं, हे बोटांना आठवतं. समासात पेन्सिलीने केलेली खूण २० वर्षांनी पुन्हा भेटते. आणि पुस्तक खरोखर आपलं असतं. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही ई-पुस्तकं वाचकांच्या किंडल या ई-रीडरवरून परस्पर काढून टाकली होती; पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेलं. कपाटातल्या पुस्तकाला असा हात कुणी लावत नाही.

प्रवासाला निघताना मी ई-रीडरच घेते. पुन्हा पुन्हा वाचायचं पुस्तक मात्र छापीलच आणते.