खिडकीतली पाणपोई : फ्रायफुंक राउटरचे आठ महिने

ऑक्टोबरात २० युरोला एक वापरलेला टीपी-लिंक आर्चर सी७ घेतला, त्यावर फ्रायफुंकचं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) चढवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिला. आता जून चाललाय. राउटर अजून तिथेच आहे, फक्त मनी प्लांट त्याच्यासाठी थोडा सरकलाय.

जर्मनीबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. फ्रायफुंक म्हणजे मोकळं रेडिओ जाळं. बर्लिनपासून सुरू झालेली ही चळवळ आता गावोगावी आहे, आमच्या श्टुटगार्टातही आहे. साधी माणसं आपल्या घरात एक जास्तीचा राउटर लावतात आणि रस्त्यावरच्या कुणालाही पासवर्डशिवाय वायफाय मिळतं. दोन राउटर एकमेकांच्या टप्प्यात आले तर ते आपसांत रेडिओने जोडले जातात. २०१५ साली निर्वासितांच्या वसतिगृहांत इंटरनेट पोचवायला हीच मंडळी शिड्या घेऊन धावली होती.

आईला हे समजावताना माझी अर्धी गाडी इंग्रजीत आणि अर्धी जर्मनमध्ये अडकली. ती म्हणाली, "म्हणजे पाणपोईच की. रांजण आपला, पाणी आपलं, पिणारा कोण ते विचारायचं नाही." याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

पण रांजणातून कुणी भलतंच काही केलं तर? इथे हा प्रश्न खरंच महागात पडायचा. २०१० साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की घरचं वायफाय नीट सुरक्षित न ठेवणाऱ्या मालकाला, दुसऱ्याने त्यावरून बेकायदा डाउनलोड केलं तरी, नोटिशीचा खर्च भरावा लागू शकतो. त्यावर फ्रायफुंकवाल्यांनी तोडगा काढला. पाहुण्यांची सगळी वाहतूक व्हीपीएनच्या, म्हणजे कूटबद्ध जोडणीच्या, बोगद्यातून संस्थेच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे बाहेर पडते, त्यामुळे बाहेर माझ्या घरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतच नाही. २०१७ साली कायदा बदलला आणि ती टांगती तलवार बरीचशी दूर झाली. बोगदा मात्र अजून आहे, आणि मला तो हवाच आहे.

फर्मवेअर चढवणं सोपं आहे, असं सगळे सांगतात. माझ्या बाबतीत ते चालू असताना माझ्याच पायाने प्लग निघाला आणि राउटरची वीट झाली, म्हणजे तो सुरूच होईना. मग लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, टीएफटीपी सर्व्हर (राउटरला फाइल पुरवणारा साधा प्रोग्रॅम) चालू करायचा, फाइलचं नाव राउटरला हवं तेच अक्षर न अक्षर ठेवायचं आणि रीसेट दाबून धरून वीज द्यायची. चौथ्या खेपेला दिवे लुकलुकले. त्यानंतरचा भाग मात्र खरोखर दहा मिनिटांचा आहे : ब्राउझरमध्ये पान उघडतं, त्यात नोडचं (जाळ्यातल्या आपल्या राउटरचं) नाव, फ्रायफुंकच्या नकाशावरची जागा आणि पाहुण्यांना किती वेग द्यायचा ते भरायचं. आमची लाइन १०० एमबीपीएसची, त्यातले २० मी वाटायला काढलेत. घरात कुणाला फरक जाणवलेला नाही.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. घरच्या राउटरची केबल नोडच्या निळ्या पोर्टमध्येच जाते. मी घाईत ती पिवळ्यात खोचली. पिवळे पोर्ट पाहुण्यांच्या जाळ्याचे, त्यामुळे आमचं खासगी घर आणि सार्वजनिक चावडी एक झाली. लॅपटॉपला भलताच पत्ता मिळालेला पाहून दुसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. निळ्या पोर्टमध्ये केबल असली की पाहुण्यांना तुमचा प्रिंटर वगैरे काही दिसत नाही.

आता खरी तक्रार. मी हे 'मेश'साठी, म्हणजे राउटरांनी एकमेकांना जोडून केलेल्या जाळ्यासाठी, घेतलं होतं आणि पहिले पाच महिने मेश नव्हताच. टप्प्यात दुसरा नोड नाही, तर जोडणार कुणाशी? खालच्या बस थांब्यावरची माणसं वापरायची, नकाशावर कधी चार तर कधी नऊ असा आकडा दिसायचा (कोण ते दिसत नाही, फक्त किती). ठीक आहे, पण तो एकटा रांजण झाला, जाळं नव्हे.

मार्चमध्ये अंगणापलीकडच्या आजी तयार झाल्या. त्यांच्याकडे इंटरनेट नाही, मोबाइलचा डेटा महिनाअखेरीस संपतो. त्यांच्या खिडकीत दुसरा नोड ठेवला. अंतर जेमतेम तीस मीटर, समोरासमोर दृष्टी, आणि जोडणीचा दर्जा शंभरात बारा टक्के! दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर कळलं की दोष काचेचा आहे. नव्या दुहेरी काचांवर उष्णता अडवायला धातूचा पातळ थर असतो आणि तो वायफायही अडवतो. आजींच्या खिडक्या जुन्या होत्या, माझ्या नव्या. जिन्यातल्या खिडकीला मात्र जुनी एकेरी काच होती. तिथे आणखी एक यंत्र लावायला हाऊसमाइस्टरची (इमारतीची देखभाल करणाऱ्याची) परवानगी लागली, आणि तंत्राचं काम दोन तासांचं असताना परवानगीला तीन आठवडे गेले. आता जोडणी ऐंशीच्या पुढे असते.

वाट शोधायचं काम बॅटमॅन नावाचा प्रोटोकॉल करतो (नाव खरंच असं आहे). पूर्ण नकाशा कुठल्याच नोडकडे नसतो. अमुक ठिकाणी जायला कुठला शेजारी चांगला, एवढंच प्रत्येकाला ठाऊक. खेड्यात पत्ता विचारल्यावर "पुढच्या वळणावर विचारा" म्हणतात, तसं. त्याची किंमत वेगात मोजावी लागते : तोच रेडिओ ऐकतो आणि तोच पुढे पाठवतो, म्हणून दर टप्प्याला वेग जवळपास अर्धा होतो. माझ्या नोडवर १८ एमबीपीएस मिळतात, आजींकडे सात-आठ. नातवाशी व्हिडिओ कॉलला तेवढे पुरतात.

किरकोळ गोष्टी : वीज सहा वॅट, म्हणजे वर्षाला साधारण ५२ युनिट, आमच्या दराने १८ युरोच्या आसपास. अपडेट रात्री आपोआप येतात, आणि ठरावीक संख्येने लोकांच्या डिजिटल सह्या असल्याशिवाय नोड ते स्वीकारत नाही, हे मला फार आवडलं. एकदा नोड सहा तास बंद होता, कारण आईला मिक्सरसाठी प्लग हवा होता. आणि वायफाय उघडं आहे हे विसरू नका, बँकेचं काम त्यावर करायचं तर पत्त्यात एचटीटीपीएस आहे ना ते पाहूनच.

घ्यायचंच असेल तर चार एमबी फ्लॅशचे (फर्मवेअर साठवायच्या मेमरीचे) जुने स्वस्त राउटर उचलू नका, नवं फर्मवेअर त्यांत मावत नाही. आणि घेण्याआधी शेजाऱ्याशी बोला, मी उलट क्रमाने केलं.

गेल्या आठवड्यात घरमालकाचं पत्र आलं. सप्टेंबरात जिन्याच्या सगळ्या खिडक्या बदलणार, उष्णतारोधक काचेच्या. आजींना अजून सांगितलेलं नाही. बाल्कनीत, पावसात टिकेल असं यंत्र शोधतोय. कुणाकडे जुनं पडलं असेल तर कळवा.