बदललेल्या मुठीचे निमित्त करून झालेली फसवणूक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या मराठी घरांतून अजूनही दसऱ्याला शस्त्रपूजन होते आणि ही शस्त्रे हेरणारे व्यापारी वाड्यावाड्यांतून फिरतात. अशाच एकाने आमच्या काकांचे जुने कोल्ट (अमेरिकी शस्त्रनिर्माता कर्नल कोल्टच्या कारखान्याचे) रिव्हॉल्व्हर ज्या रीतीने मातीमोल भावात नेले, ती इतरांना कळावी म्हणून लिहीत आहे.

त्याने प्रथम मूठ पाहिली. अक्रोडाच्या मूळ एकसंध लाकडाऐवजी तिथे शिसवीच्या दोन पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या होत्या. "मूठ नकली, म्हणजे सगळेच नकली," असे सांगून तो पुढे परवान्याच्या भीतीवर आला. वास्तविक नळी कायमची बुजवलेली होती आणि दुरुस्त करूनही ज्याचा बार उडणार नाही, अशा पुराणवस्तूला शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ नुसार सूट आहे; पण पोलिसांचे नाव काढल्यावर सत्तरी ओलांडलेला माणूस कलमे कुठे आठवणार? वीस हजारांत व्यवहार झाला. पावतीवर लिहिले होते, "शोभेचे जुने पिस्तूल, एक नग."

नंतर चुलतभावाने पूजेच्या वेळी काढलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली. नळीवर कर्नल कोल्टचा लंडनचा पत्ता होता, सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचे पुसट कोरीवकाम होते, आणि सांगाडा, नळी, चापाचे कडे व सिलिंडर या सर्वांवर एकच क्रमांक होता. हे १८५१ चे नेव्ही मॉडेल; कोल्टचा लंडनमधील कारखाना १८५३ मध्ये सुरू होऊन काही वर्षांतच बंद पडला, म्हणजे हे रिव्हॉल्व्हर त्याच थोड्या वर्षांतले. लाकूड तडकते, झिजते, म्हणून मूठ बदलली जाते. त्याने किंमत घटते हे खरे, बुजवलेल्या नळीने तर आणखी घटते, परंतु धातूच्या भागांवरील क्रमांक जुळत असताना वस्तू नकली ठरत नाही. व्यापाऱ्याने क्रमांकांचा उल्लेखच टाळला, यावरून त्याला सर्व ठाऊक होते असे माझे मत आहे.

शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंचा व्यापार करण्यासाठी १९७२ च्या पुराणवस्तू व कलासंपत्ती कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो आधी पाहावा, प्रत्येक क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे आणि तोच क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. आमच्या पावतीवर तो नसल्यामुळे, विकलेली वस्तू हीच होती हे आता तक्रारीत सिद्ध करावे लागत आहे.