फ्री डिश, साडेपाच तासांचा घोळ आणि इरकलचा पदर

मी बेळगावजवळच्या खानापुरात फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं काम करते. मशीनसमोर टीव्ही दिवसभर चालू असतो. त्यामुळे हा रिव्ह्यू टीव्ही बघणाऱ्या बाईचा कमी आणि ऐकणाऱ्या बाईचा जास्त आहे. आधीच सांगून ठेवते, नंतर भांडू नका.

मे महिन्यात केबल बंद केली. महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे आणि बघायचं काय, तर सासूने सुनेच्या दुधात काय मिसळलं. ते कळायलाही तीन दिवस. शिवाय शिवणाऱ्या माणसाला सिरियल परवडतच नाही. दर दोन मिनिटांनी ढॅण् करून वाजतं, मान वर होते आणि टीप वाकडी जाते. माहितीपटाचं तसं नाही. एक माणूस शांतपणे सांगत असतो, हात आपलं काम करत राहतो. चार ब्लाउजांना हुक लावून होतात तोवर एखादी नदी उगमापासून समुद्राला जाऊन मिळते. मला हवं होतं ते एवढंच.

म्हणून दूरदर्शनची फ्री डिश घेतली. सेवा नवी नाही. १६ डिसेंबर २००४ ला ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, फ्री डिश हे नाव मागाहून आलं. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. एकदाच काय तो खर्च. खोका (सेट टॉप बॉक्स), छत्री (डिश अँटेना), वायर आणि बसवणावळ धरून माझे १,८५० रुपये गेले. बेळगावला खडेबाजारात घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्याने आधी मला जुना एमपेग-२ वाला खोका गळ्यात मारायला बघितला. एमपेग म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत, २ जुनी आणि ४ नवी. तुम्ही घ्याल तर एमपेग-४ म्हणूनच मागा. जुन्या खोक्यावर कमी चॅनल दिसतात, आणि किमतीत फरक म्हणाल तर दोन ब्लाउजांच्या शिलाईएवढा.

छत्री बसवायला आलेला पोरगा कामाला चांगला, पण घाईचा. उपग्रह जीसॅट-१५, पूर्वेला ९३.५ अंशावर. म्हणजे आपल्या भागातून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि बरंच वर, साठ अंशांच्या आसपास. सासूबाई खालून म्हणतात, "आग्नेयेला चूल असते रे, छत्री कसली लावतोस?" तो वरून ओरडला, "अक्का, सिग्नल बंतु नोड्री!" म्हणजे सिग्नल आला बघा, आणि नट न आवळताच उतरून गेला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि छत्री मान टाकून बसली. शेवटी ह्यांनी पाना घेऊन वर जाऊन आवळली. फणसाची एक फांदीही तोडावी लागली, त्याचं दुःख सासूबाईंना अजून आहे.

आता मुख्य तक्रार. ती दूरदर्शनची नाही, खोक्याची आहे.

रिमोटवर गाईडचं बटण आहे. ते दाबलं की पुढे काय लागणार त्याची यादी येते. मला त्याचंच अप्रूप होतं, कारण पुढचं कळलं तर त्याप्रमाणे कामं लावता येतात. कापायचं काम असेल तर बडबड चालते. हातशिलाई असेल तर गाणं बरं. यादीत दिसलं की डीडी भारती चॅनलवर कुमार गंधर्वांचं जुनं रेकॉर्डिंग आहे, चार वाजता. सासूबाईंना सांगितलं. त्यांचं माहेर सुळेभावीजवळचं, आणि कुमार जन्मले तेच सुळेभावी. ८ एप्रिल १९२४. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. सासूबाईंना रागदारीतलं काही कळत नाही, पण "आमच्या गावचा पोरगा" म्हणून त्या चहा आटपून, लुगडं सारखं करून पावणेचारला येऊन बसल्या. चार वाजता लागलं धरणाच्या कालव्यांवर काहीतरी. साडेचारपर्यंत वाट बघून त्या उठल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जसं काही मीच कार्यक्रम रद्द केला.

रात्री मी भांडी घासत होते. साडेनऊ झाले असतील. बाहेरच्या खोलीतून कुमारांचा तो आवाज आला. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेलं, उरलेल्या एकावर गायलेले असूनही असं कसं वर जातं कोण जाणे. पळत आले तर सासूबाई झोपून गेलेल्या. उठवलं नाही.

असं आणखी दोनदा झालं. मग एकदा संध्याकाळी माझं लक्ष खोक्याच्या पडद्यावरच्या घड्याळाकडे गेलं. भिंतीवर सात वाजून दहा मिनिटं, खोक्यात एक चाळीस. मी खडूने कापडाच्या तुकड्यावर वजाबाकी केली. बरोबर साडेपाच तास. मुलगी दहावीला आहे, ती भूगोलाच्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "मम्मी, तो ग्रीनिचच्या वेळेवर चाललाय." म्हणजे मी खानापुरात बसून विलायतेच्या वेळेने टीव्ही बघत होते! सेटिंगमध्ये टाइम झोन म्हणून असतं, तिथे अधिक ५.३० करायचं. एवढंच. खोक्यासोबतच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नाही, बसवणाऱ्यानेही सांगितलं नाही. तुमच्याकडे गाईडमधल्या वेळा जुळत नसतील तर चॅनलला शिव्या देण्याआधी हे बघा.

घड्याळ लागल्यापासून मात्र चैन आहे. कशी ते एका दुपारवरून सांगते.

चंदना या दूरदर्शनच्या कानडी चॅनलवर इरकल साडीचा माहितीपट होता. माझी शाळा मराठी, पण वीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून कानडी कानाला बसलंय, त्यामुळे अडलं नाही. इळकल गाव बागलकोट जिल्ह्यातलं. साडी सुताची, पदर रेशमाचा, हे मला माहीत होतं. जोडतात कसं ते माहीत नव्हतं. अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, वेगळा असतो आणि पदराचा ताणा वेगळा. दोन्हींची टोकं एकमेकांत फासे घालून अडकवतात, एकेक दोरा करून. याला तिकडे टोपे टेणी म्हणतात. त्यामुळे एकदा लांबच लांब ताणा लावला आणि दहा साड्या काढल्या असं करता येत नाही, दर साडीला ताणा नव्याने. कॅमेरा त्या विणकरीणबाईच्या बोटांवरून हललाच नाही. संगीत नाही, बोलणं नाही, नुसती बोटं. डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, त्याच्या टोकावर दोरा घ्यायचा, उजव्या हाताने फासा, ओढायचा, पुढचा. मी पायडल थांबवलं. मघाशी मी म्हटलं की माहितीपट ऐकायची गोष्ट आहे. ते इथे खोटं ठरलं.

आणि पोटात गोळा आला. कारण महिन्यापूर्वी नंदगडची एक गिऱ्हाईक इरकल घेऊन आली होती. पदर सुरू होतो तिथली आडवी रेघ दाखवून म्हणाली, "मावशी, हे बघा की, जोड दिलेली साडी विकलीय मला." आणि मी शहाणीने चष्मा लावून बघितलं आणि म्हटलं, "होय की, फसवलंय तुला." तो जोड म्हणजे खोट नव्हती, तीच खऱ्या इरकलची खूण होती. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या विणकरांच्या मागांचा आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि मला हे टीव्हीने सांगावं! फोन करून तिला सांगितलं. ती दुकानदाराशी आधीच भांडून आली होती.

बाकी बारीकसारीक. सह्याद्री आणि चंदना दोन्ही दिसतात. आमच्या घरात सीमावाद आहे तो रिमोटचा, सासूबाई सह्याद्रीच्या, मी चंदनाची, आणि हे बातम्यांचे. परभाषेतले माहितीपट खाली इंग्रजी पट्टी लावून दाखवतात, ते माझ्या उपयोगाचे नाहीत. सुईकडे बघू की पट्टीकडे? प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं ॲप आणलंय, मुलीने मोबाइलवर घालून दिलंय, पण मोबाइल मशीनवर ठेवला की धक्क्याने सरकत सरकत खाली पडतो.

पावसाचं मात्र खरं सांगते. पावसाच्या थेंबांत उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी अडतात, आणि जांबोटी-कणकुंबीकडून येणारा आमचा पाऊस म्हणजे थेंब नव्हे, पडदा. जुलैत चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि मग निळा पडदा. खोका बदलून, वायर बदलून फरक पडत नाही, पैसे घालवू नका. मोठी सर गेली की आपोआप येतं. आगुंब्यासारख्या धो धो पावसाच्या गावात काय करत असतील देव जाणे.

सेवेला पाचपैकी साडेचार देते, खोक्याला अडीच.

आता मापाच्या वहीच्या मागच्या पानावर मी येणारे कार्यक्रम लिहून ठेवते. दोन ऑक्टोबरला गांधीजींवर काही ना काही असणारच. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढं एकच. त्या अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर मी कितीदा बघितलीय, टीव्हीत कशी दिसते ते बघायचंय. त्या दिवशीची दुपार मोकळी ठेवलीय. पुढच्या पानावर दसऱ्याचे सतरा ब्लाउज आहेत, त्यातले तीन कटोरी, आणि सगळ्यांना तारीख एकच हवी.